काही होत नाही, साहेब!

मंडळी, माझं भांडण एका वाक्याशी आहे. "काही होत नाही, साहेब!" हे ते वाक्य. मिस्त्री म्हणतो, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, शेजारचे काका म्हणतात, आणि सगळ्यांत जास्त वेळा आपण स्वतःच म्हणतो. एसीचं बाहेरचं युनिट लावताना, खिडकीच्या ग्रिलवर कुंड्या मांडताना, गॅलरीत झोपाळा टांगताना... भिंत दिसली की भोक पाडायचं, गिट्टी ठोकायची, स्क्रू पिळायचा आणि हात झटकायचे. आणि शेवटी पूजेनंतर प्रसाद वाटावा तसं हे वाक्य वाटायचं.

आज या वाक्याचा समाचार घ्यायचाय. त्यासाठी एक जरा विचित्र उदाहरण निवडलंय : बाहेरच्या भिंतीवर बसवलेला स्पीड बॅगचा प्लॅटफॉर्म. का, ते पुढे कळेलच.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी : स्पीड बॅग म्हणजे बॉक्सिंगच्या सिनेमांत हटकून दिसणारी ती नासपतीच्या आकाराची छोटी चामडी पिशवी. आत हवा भरलेली. डोक्याच्या जरा वर एक आडवी गोल फळी असते, साधारण दोन फूट व्यासाची, आणि तिच्या खाली फिरत्या कडीला ही पिशवी टांगलेली असते. ठोसा मारला की पिशवी फळीच्या मागच्या बाजूला आपटते, मग पुढच्या, मग पुन्हा मागच्या, आणि मग पुढचा ठोसा. एक ठोसा, तीन आपट. लय जमली की ताशा वाजल्यासारखा कडकडाट होतो आणि दिवसभरातल्या सगळ्या मीटिंगा डोक्यातून पार धुऊन निघतात.

२००८ मध्ये बीजिंगला विजेंदर सिंगने कांस्य आणलं, २०१२ मध्ये लंडनहून मेरी कोमने, २०२१ मध्ये टोकियोहून लवलिना बोर्गोहाईंने. आपल्याकडे बॉक्सिंगचं वेड हळूहळू असं गच्चीपर्यंत पोचलं. पुण्यात तर २००१ पासून आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथे बॉक्सर घडतात. हिंजवडीत घडतात ते पाठदुखीचे पेशंट! त्यामुळे आमच्यासारख्या लोकांनी गच्चीवर स्पीड बॅग लावावी यात नवल काहीच नाही. उलट चांगलंच आहे. वाईट आहे ती लावायची पद्धत.

खोक्यातून निघतं काय? फळी, लोखंडी चौकट, एक माहितीपत्रक आणि स्क्रूची पुडी. पुष्कळदा या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की आधी भिंतीतले लाकडी खांब शोधा. अहो, हे अमेरिकन घरासाठी आहे! तिथे भिंतीच्या आत दर सोळा इंचांवर उभा लाकडी खांब असतो, त्यावर पातळ बोर्ड. खांब सापडला की जाड स्क्रू थेट लाकडात घुसतो आणि लाकूड तो धरून ठेवतं. आपण तोच व्हिडिओ बघतो, तेच स्क्रू घेतो आणि कोथरूडच्या विटेच्या भिंतीत पिळायला जातो. लाकूड नाही म्हणून मग प्लॅस्टिकची गिट्टी आली. खेळ त्यांचा घेतला, व्हिडिओ त्यांचा घेतला, भिंत मात्र आपली राहिली!

आमच्याच इमारतीतली गोष्ट सांगतो. गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर कोणीतरी हौसेने प्लॅटफॉर्म बसवून घेतला. चार गिट्ट्या, चार स्क्रू, अर्ध्या तासात काम फत्ते. दीड महिन्यानंतर मी गेलो तर चौकटीची वरची पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये नखाएवढी फट. खाली दहा-बारा वर्षांची पाच-सहा पोरं रांग लावून उभी, एकेकाची पाळी. मी कमिटीत विषय काढला. उत्तर काय मिळालं असेल? बरोब्बर. तेच वाक्य. शेवटी आम्ही तिघांनी स्टूल घेऊन ते धूड उतरवायला घेतलं, तर वरचे दोन स्क्रू फिरवावेच लागले नाहीत. गिट्टीसकट हातात आले, आणि मागून मूठभर वाळू. नशीब की कोणाला लागलं नाही. पण नशीब ही काही बसवण्याची पद्धत नव्हे.

आता मुद्द्याचं बोलू. या "काही होत नाही" मध्ये तीन गैरसमज दडलेले आहेत.

पहिला : गिलावा म्हणजे भिंत. नाही हो! बाहेरच्या भिंतीवर दोन हातांचा मिळून साधारण वीस मिलिमीटर गिलावा असतो. त्याचं काम पाऊस अडवण्याचं आणि भिंत सुंदर दिसण्याचं. वजन धरणं त्याच्या नोकरीच्या वर्णनातच नाही. दोन इंचांचा स्क्रू घेतलात तर पट्टीची जाडी आणि गिलावा वजा जाता खऱ्या भिंतीत जेमतेम इंचभर उरतो. आणि ती खरी भिंत कशाची आहे हे तरी कुठे विचारलंत? भाजलेली वीट? भरीव काँक्रीटचा ब्लॉक? पोकळ ब्लॉक? की गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसणारा पांढरा हलका एएसी ब्लॉक, ज्यात हवेचे बुडबुडे भरलेले असतात? की जुन्या वाड्याचा काळा दगड? रंग दिल्यावर सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. वरून कीर्तन, आतून तमाशा.

विचारायची पद्धत मात्र सोपी आहे. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसं आधी छोट्या हातोडीने भिंत वाजवून बघा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे, तिथे काहीच टांगू नका. मग सहा मिलिमीटरच्या बिटाने एक चाचणीचं भोक पाडा आणि काय भुसा पडतो ते बघा. आधी वाळूसारखी करडी पूड, तो गिलावा. नंतर लाल पूड आली तर वीट. पिठासारखी पांढरी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर एएसी. करडी, कडक, बिट रडायला लागला तर काँक्रीट. मध्येच बिट धपकन पुढे गेला तर आत पोकळी आहे. दोन मिनिटांचं काम. पण हे करताना मी फारच थोडे लोक पाहिलेत, आणि त्यात साहेब लोक तर नाहीतच.

दुसरा गैरसमज : भार म्हणजे वजन. हा माझा सगळ्यात आवडता, कारण यात शिकलेसवरलेलेही फसतात. हिशोब करू. फळी आणि चौकट मिळून वीस किलो धरा. वजनाचा मध्य भिंतीपासून चाळीस सेंटिमीटरवर. वरचे आणि खालचे बोल्ट एकमेकांपासून चाळीस सेंटिमीटरवर. म्हणजे वरच्या दोन बोल्टांना मिळून भिंतीतून बाहेर ओढणारी ताकद साधारण वीस किलोची, प्रत्येकी दहा. दहा किलो म्हणजे काहीच नाही, धड विटेत बसलेली बरी गिट्टीसुद्धा पेलेल. म्हणूनच मिस्त्री फळीला लोंबकळून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, मी लटकलो तरी काही होत नाही!"

पण बॅग लोंबकळत नाही, ती आपटते. सेकंदाला दोन ठोसे धरले तर फळीवर सहा आपट. मिनिटाला ३६०. दहा मिनिटांत ३,६००. महिन्यातले वीस दिवस रोज दहा मिनिटं खेळलात तर ७२,०००. प्रत्येक आपट छोटी, पण दर वेळी दिशा उलट. एकदा मागे, एकदा पुढे. आमच्या भाषेत सांगायचं तर मिस्त्रीने एक युझर लॉगिन करून बघितला आणि सर्व्हर पास केला. खरा लोड अजून यायचाय!

या हलत्या भाराने दोन गोष्टी होतात. एक, गिट्टीभोवतीची वीट कणाकणाने झिजते आणि भोक मोठं होतं. दोन, नट आपोआप सैल होतो. हे दुसरं काही माझं मत नाही. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिलं की बोल्टला आडवा धक्का पुन्हा पुन्हा बसला की नट स्वतःहून उलटा फिरतो. मग आपण काय करतो? स्प्रिंग वॉशर टाकतो, आणि निर्धास्त होतो. नासाच्या १९९० च्या फास्टनरविषयीच्या पुस्तिकेत या साध्या स्प्रिंग वॉशरबद्दल स्पष्ट म्हटलंय की नट पूर्ण आवळला की तो चपटा होतो आणि नट अडवून धरायला त्याचा उपयोग नाही. नायलॉक नट घ्या किंवा दोन नट एकमेकांवर आवळा. हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या पैशात मिळतं.

तिसरा गैरसमज : झालं म्हणजे संपलं. बोल्ट आज घट्ट आहे म्हणजे उद्याही असेलच. इथे दोन मोठी उदाहरणं देतो, कारण छोट्या उदाहरणांना आपण हसतो. १० जुलै २००६ ला अमेरिकेत बोस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे पॅनेल खाली जाणाऱ्या गाडीवर कोसळले. सुमारे सव्वीस टन. एका बाईचा जीव गेला. काँक्रीट तुटलं नव्हतं. छतात रसायनाने चिकटवलेले अँकर हळूहळू, वर्षानुवर्षं सरकत बाहेर आले होते. चौकशीत निघालं की लवकर घट्ट होणारं जे रसायन वापरलं होतं ते कायमचा ओढ सहन करायला लायकच नव्हतं. त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या बोगद्यात अँकर सरकल्याचं १९९९ मध्येच दिसलं होतं!

दुसरं जपानचं, म्हणजे जिथे "काही होत नाही" म्हणत नसतील असं आपल्याला वाटतं तिथलं. २ डिसेंबर २०१२, सासागो बोगदा, छताचे पॅनेल कोसळले, नऊ जण गेले. बोगदा १९७७ चा. तिथेही अँकर बोल्टच सुटले. आणि वरच्या बोल्टांना हातोडी मारून तपासायचं काम त्याआधी बारा वर्षं झालेलंच नव्हतं. पुन्हा तीच माठावरची टिचकी, मंडळी. तेवढी राहून गेली.

आता तुम्ही म्हणाल, कुठे बोगदा आणि कुठे तुझी ती गच्चीवरची पिशवी! मान्य. पण म्हणूनच तर मी स्पीड बॅग निवडली. एसीच्या ब्रॅकेटला जे व्हायला दहा वर्षं लागतात ते स्पीड बॅग दीड महिन्यात करून दाखवते. भिंतीवर आपण जो काही खोटेपणा करतो, त्याची इतकी झटपट आणि इतकी प्रामाणिक परीक्षा दुसरं कोणी घेत नाही. बरं, इथे सुरक्षितता आणि खेळ या दोन वेगळ्या गोष्टीही नाहीत. फळी जरा जरी हलली तरी ती आपटीची ताकद खाते, पिशवी आळशासारखी परत येते, लय तुटते. म्हणजे जी फळी डोक्यावर पडणार नाही, तीच फळी नीट खेळू देते. आता सांगा, काटकसर नक्की कुठे झाली?

बरं, नुसती टीका करून पळणाऱ्यातला मी नाही. आम्ही नंतर ती फळी पुन्हा बसवली, ती अशी.

जागा आधी निवडली. गच्चीचा कठडा नाही, कारण तो बुटका आणि एकटा उभा असतो. पाण्याच्या टाकीची भिंत तर अजिबात नाही, गळती लागली तर सगळी इमारत तुमच्या नावाने शंख करेल. जिन्याच्या खोलीची नऊ इंची विटेची भिंत, तिला आत-बाहेर दोन्हीकडून हात पोचतो. तिथे आरपार बोल्ट हा राजमार्ग. बारा मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड भिंतीतून पार नेला आणि आतल्या बाजूला चार इंची चौकोनी, सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट लावून आवळला. अशा वेळी बोल्ट विटेला धरून बसत नाही, तो अख्ख्या भिंतीला कवेत घेतो. चौकट थेट भिंतीवर लावली नाही. आधी दोन उभे लोखंडी चॅनेल, प्रत्येकी तीन फुटांचे, म्हणजे ओढ विटांच्या बऱ्याच थरांवर वाटला जातो आणि वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर वाढल्याने तो मुळात कमीही होतो. भिंतीच्या कोपऱ्यापासून वीतभर आत राहिलो, नाहीतर कडेची वीट फुटते.

आरपार जाता येत नसेल तर? काँक्रीटचा कॉलम किंवा बीम असेल तर चांगल्या कंपनीचा, हलत्या भारासाठी चालतो असं लिहिलेला अँकर फास्टनर. बिटाला सळई लागली तर थांबा आणि जागा बदला, सळई कापायची नाही. विटेत मात्र पसरून बसणारा फास्टनर नको, तो वीट आतून फाडतो. तिथे रसायनाचा अँकर, आणि पोकळ ब्लॉक असेल तर त्याबरोबर जाळीची नळी. रसायनाचा डबा घेताना त्यावरचं बारीक अक्षरातलं वाचा, आणि भोक साफ करा : फुंका, ब्रश मारा, पुन्हा फुंका. भुसा राहिला तर रसायन भिंतीला न चिकटता भुशाला चिकटतं. एएसी ब्लॉक असेल तर आरपारच जा, नाहीतर सरळ जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या. यात कमीपणा काही नाही.

राहिला पाऊस. फळी साध्या प्लायची असेल तर पहिल्याच जूनमध्ये तिचा पापड होतो. आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा. बोल्ट गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे, आणि मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहत असाल तर स्टेनलेसमधलेही ३१६ चे. कारण गंजलेलं लोखंड फुगतं आणि गिलावा आतून फोडतं. भोकाच्या तोंडाशी सिलंट भरा. चामड्याची बॅग खेळून झालं की घरात. बाहेरची भिंत सोसायटीची, तेव्हा परवानगी लेखी. आणि खाली झोपणाऱ्यालाही आयुष्य आहे, रात्री दहानंतर ताशा बंद.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं : नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. पहिल्या आठवड्यानंतर बघा, मग दर महिन्याला. बोस्टनला आणि सासागोला जे राहून गेलं ते आपल्याकडे दहा रुपयांच्या ऑइल पेंटने होतं.

या सगळ्याला एक पूर्ण रविवार गेला. म्हणूनच मित्र म्हणाले, "अरे, जुगाड ही तर आपली ताकद आहे, एवढं काय!" इथे माझं डोकं फिरतं. जुगाड म्हणजे हातात साधनं कमी असताना अक्कल जास्त लावणं. हातात सगळी साधनं असताना अक्कल वाचवणं याला जुगाड म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आणि कृपा करून मिस्त्रीच्या नावाने बिल फाडू नका. त्याला अर्ध्या तासाचे पैसे देऊन आपणच "लवकर आटप" म्हणतो. हजारो रुपयांची बॅग न घासाघीस करता घेतो, आणि दोनशे रुपयांचा फास्टनर म्हटला की आपल्याला एकदम काटकसर आठवते. तो तर आपल्यालाच हवं असलेलं वाक्य आपल्याला ऐकवतो. आपण सॉफ्टवेअरवाले टेस्टिंगशिवाय एक बटण लाइव्ह करत नाही, चार-चार रिव्ह्यू लावतो. तिथे चुकलं तर रोलबॅक असतो. पोराच्या डोक्यावर फळी पडली तर कसला रोलबॅक?

तस्मात्, पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "काही होत नाही, साहेब", तर भांडू नका. फक्त तीन प्रश्न विचारा. गिलाव्याच्या मागे काय आहे? भार टांगलेला आहे की आपटणारा? आणि पुढच्या महिन्यात हे कोण तपासणार? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल ठोका. नाही मिळाली, तर म्हणणाऱ्याला सांगा की महिनाभर रोज त्या फळीखाली तूच उभा राहा.

माझा अंदाज आहे, तो फास्टनर घेऊन येईल.